पावसाला घातलेली अट

गेल्या अंकात मी आम्हा ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर असते त्या मेझुझाबद्दल लिहिलं होतं. बोटभर लांबीची डबी, आत चर्मपत्राची गुंडाळी आणि तिच्यावर हाताने लिहिलेल्या २२ ओळी. त्या ओळींत ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या ग्रंथातले दोन उतारे असतात. पहिला ‘हे इस्राएला, ऐक’ हा, देवावर सगळ्या जिवाने प्रेम करायला सांगणारा. दुसऱ्यात मात्र अट आहे. आज्ञा पाळाल तर पाऊस वेळेवर येईल, धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरांना चारा मिळेल. दुसऱ्या देवांच्या नादी लागलात तर आकाश मिटेल. बहुतेक पत्रं या दुसऱ्या उताऱ्यावरच आली. ती लांब असल्याने प्रश्न थोडक्यात देते आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. आम्ही ख्रिस्ती आहोत. एक वडीलधारे नातलग घरी आले की ‘अनुवाद’चा २८ वा अध्याय उघडून शाप वाचून दाखवतात आणि म्हणतात, ‘कुठेतरी आज्ञा मोडली गेलीय, शोधा.’ मी रात्ररात्र जुनी वर्षं आठवत बसते. तुम्ही हे शास्त्र हिब्रूतून वाचता, म्हणून विचारते. त्यात खरंच असं आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, नाही. आधी एवढं स्पष्ट सांगते आणि मग कारणं देते, कारण तुमची आणखी एकही रात्र अशी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तो अध्याय कुणापुढे बोलला गेला ते आधी पाहा. यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबाच्या मैदानात, सगळं इस्राएल जमलं आहे. मोशेला स्वतःला नदी ओलांडायची नाही. नव्या देशात पाऊल टाकणाऱ्या एका अख्ख्या समाजाला तो सांगतो आहे की तिथे कसं वागलात तर टिकाल आणि कसं वागलात तर उखडले जाल. पहिल्या १४ ओव्या आशीर्वादांच्या आहेत, पुढच्या ५४ शापांच्या. आशीर्वादांत धान्याची टोपली आहे, कणीक मळायची काथवट आहे, गाईमेंढ्यांची वीण आहे, सात वाटांनी पळणारा शत्रू आहे, दुसऱ्या राष्ट्रांना कर्ज देणं आहे. शापांत टोळधाड आहे, पितळेचं आकाश आणि लोखंडाची जमीन आहे, पावसाऐवजी धूळ आहे, राजासकट परमुलखात नेलं जाणं आहे, वेढ्यातली उपासमार आहे. शेवट तर असा की लोक जहाजांतून पुन्हा मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जातील, स्वतःला गुलाम म्हणून विकायला उभे राहतील, आणि विकत घ्यायलाही कुणी नसेल. एका घराला कधी राजा असतो का? एक माणूस राष्ट्रांना कर्ज देतो का? आजारांची नावं त्या अध्यायात आहेत, आणि तुमचे नातलग बोट ठेवत असणार ते तिथेच. पण ती नावं युद्ध, दुष्काळ आणि साथीच्या यादीत आली आहेत. एखाद्या पेशंटच्या उशाशी बसून त्याची चौकशी करायला ती लिहिलेली नाहीत.

मेझुझातल्या पावसाचंही असंच. त्याच ११ व्या अध्यायात, जरा वर, मोशे दोन देशांची तुलना करतो. मिसरात तुम्ही बी पेरायचा आणि भाजीच्या मळ्याला द्यावं तसं पायाने पाणी द्यायचा. आता चालला आहात तो देश डोंगरदऱ्यांचा, आभाळाचं पाणी पिणारा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एक बागायत, दुसरी जिरायत. तिकडे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात आटोपतो. पहिला लांबला तर नांगर घालता येत नाही, शेवटचा चुकला तर दाणा भरत नाही. नाईलसारखी नदी जवळ नाही. असा पाऊस सगळ्या मुलखाला मिळून येतो नाहीतर सगळ्यांकडेच पाठ फिरवतो. आमोस संदेष्ट्याने ‘एका गावावर पडला, दुसऱ्यावर नाही’ असं म्हटलंय खरं, पण तिथेही तो त्या दुसऱ्या गावाला पापी ठरवत नाही, सगळ्या इस्राएलाला दटावतो आहे. पावसाच्या नोंदीवरून कुणा एकाच्या घरातलं पाप शोधता येत नाही, आणि अर्धांगवायूवरूनही नाही.

जुनी वर्षं उकरायची तर माणूस आईवडिलांच्या, आजोबांच्या चुकांपर्यंत जातो. बाबेलच्या बंदिवासात हेच चाललं होतं. ‘बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण लोकांच्या तोंडी बसली होती. यहेज्केल संदेष्ट्याने आपला १८ वा अध्याय ही म्हण बंद पाडण्यासाठीच खर्ची घातला.

आणि तुमच्या नातलगांचा युक्तिवाद शास्त्रात आधीच येऊन गेला आहे. ईयोब निर्दोष असूनही सगळं गमावून बसलेला, आणि त्याचे तीन मित्र अगदी तेच बोलतात. निरपराध माणूस कधी नाश पावलाय का, असं अलीफज विचारतो. बिल्दद त्याच्या मेलेल्या मुलांवर दोष ठेवतो. सोफर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानाने देवाने तुला कमीच शिक्षा दिली. यातला एकेक जण ‘अनुवाद’ तोंडपाठ असल्यासारखा बोलतो. आणि ४२ व्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. मग त्यांच्यासाठी प्रार्थना कुणी करायची? ईयोबाने. हे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून होते, त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी त्याच्यासाठी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती.

आमच्या रब्बींनाही, म्हणजे धर्मगुरूंनाही, हा प्रश्न टोचत होता. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, काही आज्ञा अशा आहेत की त्या पाळल्या तर दीर्घायुष्य मिळेल असं थेट म्हटलं आहे. त्यांतल्या दोन सांगते. एक आईवडिलांना मान देण्याची. दुसरी अगदी लहान: घरट्यातली पिल्लं किंवा अंडी घ्यायची तर आधी आईपक्षिणीला उडवून लाव. तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात एका मुलाची हकिगत आहे. बाप म्हणाला, वर चढ आणि पिल्लं काढून आण. मुलगा शिडी चढला, पक्षिणीला जाऊ दिलं, पिल्लं घेतली, आणि उतरताना पडून मेला. दोन्ही आज्ञा त्याने त्याच क्षणी पाळल्या होत्या. एलिशा बेन अबुया नावाच्या मोठ्या विद्वानाची श्रद्धा असंच काही पाहून उडाली, असं परंपरा सांगते. रब्बी याकोब मात्र म्हणाले की आज्ञेचं फळ या जगात मोजायचं नसतं, ते दीर्घायुष्य येणाऱ्या जगातलं आहे. या उत्तराने सगळ्यांचं समाधान होईल असं मी म्हणणार नाही. पण त्या शिडीखाली उभं राहून, ‘पोराने काहीतरी केलंच असणार,’ असं त्या दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही, हे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

नातलग पुन्हा आले तर त्यांना ईयोबाचा शेवटचा अध्याय मोठ्याने वाचायला सांगा. ते वडीलधारे आहेत, तुम्हाला उलट बोलणं जड जाईल, पण शास्त्र वाचा म्हणण्यात उलट बोलणं नाही. आणि यजमानांसाठी रात्री ४१ वं स्तोत्र वाचा. आजाऱ्याला परमेश्वर त्याच्या अंथरुणावर आधार देतो, असं त्यात आहे, आणि तिथे काही हिशेब मागितलेला नाही.

प्रश्न : ‘असं केलंत तर आशीर्वाद, तसं केलंत तर शाप’ ही भाषा त्या काळच्या सम्राटांच्या तहनाम्यांतून उचलली आहे असं वाचलं. मग यात देवाचं असं वेगळं काय उरतं?
— इतिहासाचे निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, भाषा तीच आहे, आणि मला त्यात काही अडचण वाटत नाही. असुरियाचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून शपथ घेतली, की आपल्यामागे आपला मुलगा अशुरबनिपाल याच्याशी ते एकनिष्ठ राहतील. त्या शपथेच्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला सापडल्या, आणि तुर्कस्तानात तेल तायिनात इथे २००९ मध्ये आणखी एक मिळाली. तिच्यातले शाप वाचताना ‘अनुवाद’ वाचल्याचा भास होतो. जमीन लोखंडासारखी होवो म्हणजे तिच्यातून काही उगवणार नाही, पितळेच्या आभाळातून पाऊस पडत नाही तसा तुमच्या शेतांवर पाऊस न पडो. अशुरबनिपालवर स्वतःसारखं प्रेम करा, असाही हुकूम आहे. यहूदाचा राजा त्या वेळी असुरियाचा मांडलिक होता, त्यामुळे हा मजकूर यरुशलेमच्या दरबाराला परका नसणार.

आता फरक कुठे आहे ते सांगते. एसरहद्दोनला हवी होती गादीशी निष्ठा. मोशेच्या करारात आज्ञा म्हणून जे येतं त्यात रोजंदारीच्या माणसाची मजुरी सूर्य मावळायच्या आत देणं आहे, शेतात विसरलेली पेंढी परदेशी, पोरक्या आणि विधवेसाठी राहू देणं आहे, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, गुलामालाही विसावा देणं आहे, सातव्या वर्षी कर्ज सोडणं आहे. खुद्द राजाने या नियमशास्त्राची प्रत लिहून घ्यायची आणि आयुष्यभर वाचायची. करार करायला उभं कोण आहे? २९ व्या अध्यायात यादी आहे: सरदार, वडील, लहान मुलं, बायका, छावणीतले परके, लाकूडतोडे आणि पाणक्ये. पाणक्याला तहनाम्याचा पक्षकार करणारा सम्राट मला तरी त्या पाट्यांत दिसला नाही.

तुम्ही इतिहासाचे म्हणून आणखी एका वस्तूबद्दल सांगते. यरुशलेममध्ये हिन्नोमच्या दरीकडेच्या एका थडग्यात, १९७९ मध्ये गाब्रिएल बरकाय यांच्या पथकाला चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या मिळाल्या. इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या, म्हणजे शलमोनाचं मंदिर अजून उभं होतं तेव्हाच्या. मोठी गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर भरली. ताईत म्हणून कुणीतरी गळ्यात घालत असावं. दोन्हींवर याजकांचा आशीर्वाद कोरला आहे: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. याला कसलीही अट नाही. आणि मोठीवर त्याच्या वरच्या ओळींत, आपल्यावर प्रेम करणाऱ्यांशी आणि आपल्या आज्ञा पाळणाऱ्यांशी तो करार राखतो, असंही आहे. ज्याने तो ताईत घातला त्याला ही दोन वाक्यं एका पत्र्यावर कोरून घेताना काही विसंगत वाटलं नाही. सम्राटाच्या तहात असं बिनशर्त वाक्य शोधून सापडायचं नाही.

प्रश्न : दावीदाला देवाने ‘तुझं सिंहासन सर्वकाळ टिकेल’ असा शब्द दिला. पुढे शलमोनाला ‘आज्ञा पाळल्यास तर’ अशी अट घातली. नंतर राज्यच बुडालं. मग पहिला शब्द खरा की दुसरा?
— एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही मजकूर आहेत आणि दोन्ही एकमेकांना घासतात, हे तुम्ही बरोबर पकडलंत. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ७ व्या अध्यायात देव म्हणतो की दावीदाच्या वंशजाने अधर्म केला तर मी त्याला छडीने शिक्षा करीन, पण माझी दया त्याच्यावरून काढून घेणार नाही. ‘राजे’च्या पहिल्या ग्रंथाच्या ९ व्या अध्यायात, मंदिर नुकतंच पुरं झालेलं असताना, तोच देव शलमोनाला सांगतो की तुम्ही फिरलात तर मी हे घर माझ्या नजरेसमोरून टाकून देईन आणि जाणारे येणारे इथे थबकून विचारतील, असं का झालं? ज्यांनी ही पुस्तकं एकत्र ठेवली त्यांना हा फरक दिसत नव्हता असं समजू नका. दोन्ही ठेवली.

‘सर्वकाळ’ म्हणूनही मागे घेतलेला शब्द शास्त्रात आहे. एली याजकाचं घराणं. त्याच्या मुलांचा नोकर अर्पणाच्या कढईत त्रिशूळ खुपसून त्याला लागेल तेवढं मांस त्यांच्यासाठी घ्यायचा, आणि कुणी थांब म्हटलं तर जबरदस्तीने नेईन म्हणायचा. तेव्हा एक देवमाणूस येऊन एलीला सांगतो: तुझं घराणं माझ्यापुढे सर्वकाळ चालेल असं मी म्हणालो होतो खरं, पण आता ते शक्य नाही. इतकं उघड.

यरुशलेम इ.स.पू. ५८६ मध्ये का पडलं याची राजकीय कारणं इतिहासात मिळतील. यिर्मया संदेष्ट्याने दिलेलं एक कारण मात्र मला फार भिडतं, ते ३४ व्या अध्यायात आहे. बाबेलच्या फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा सिद्कीया राजाने आणि लोकांनी मंदिरात करार करून आपले इब्री गुलाम मोकळे केले. सातव्या वर्षी त्यांना सोडायची आज्ञा होतीच, पण ती कुणी पाळत नव्हतं. मग मिसरची फौज निघाल्याची खबर आली, बाबेलवाले वेढा उठवून गेले, आणि मालकांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणून गुलाम केलं. यिर्मया म्हणतो, तुम्ही भावाला मोकळं केलं नाहीत, तर आता देव तुम्हाला मोकळं करतो आहे, तलवारीकडे, मरीकडे आणि दुष्काळाकडे. अट मोडणं म्हणजे नेमकं काय, हे मला याहून स्पष्ट कुठे सापडलेलं नाही.

सिद्कीयाची मुलं त्याच्या डोळ्यांदेखत मारली, मग त्याचे डोळे काढले. पण त्याच्या आधीचा राजा यहोयाखीन बाबेलमध्ये जिवंत होता. जर्मन पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी बाबेल खणलं तेव्हा तिथल्या वाड्यात तेलाच्या शिध्याच्या पाट्या मिळाल्या, आणि त्यांत यहूदाच्या राजाचं आणि त्याच्या पाच मुलांचं नाव आहे. राजेचा दुसरा ग्रंथही तिथेच संपतो: यहोयाखीन कैदेतून सुटतो, कैद्याचे कपडे उतरवतो आणि बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवतो. सिंहासन नाही, पण वंश आहे. पहिला शब्द संपला की उरला, हे ग्रंथकार सांगत नाही. ८९ वं स्तोत्र लिहिणारा तर देवाला तोंडावर विचारतो, तू दावीदाशी शपथ घेतलीस ती जुनी दया कुठे गेली? माझं मत विचाराल तर ते स्तोत्र हेच तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. त्यात वचनही सोडलेलं नाही आणि राज्य बुडालं हेही नाकारलेलं नाही.

प्रश्न : आपण नवस बोलतो आणि फेडतो. ‘हे दिलंस तर ते करीन.’ तनाखमधला, म्हणजे तुमच्या हिब्रू शास्त्रातला, करार म्हणजे हाच प्रकार का, फक्त उलट्या बाजूने?
— एक गृहिणी, महाड

उत्तर : काकू, नवस तनाखमध्येही आहे, आणि आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात तर कालपरवापर्यंत शब्दही हाच होता. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि फळं. माझ्या आजीने केलेले बहुतेक मलिदे कुठला ना कुठला नवस फेडायचेच होते. मुंबईचं सगळ्यात जुनं सिनेगॉग, शाआर हारहमीम, १७९६ सालचं, तेही नवसाचंच. सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, टिपूच्या कैदेत पडले, आणि जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असं बोलले, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट आहे.

पण शास्त्र नवसाला फारसं उत्तेजन देत नाही. याकोब बेथेलला दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात देवाने त्याला कसलीही अट न घालता सांगितलं की मी तुझ्याबरोबर आहे. आणि सकाळी उठून याकोबच अटी घालतो: भाकर दिलीस, वस्त्र दिलंस, सुखरूप घरी आणलंस, तर तू माझा देव. पुढे तो मुलाबाळांसह परत आल्यावरही बेथेलला गेला नाही, देवालाच त्याला ऊठ, जा म्हणावं लागलं. हन्नाने मुलगा मागितला आणि दूध सुटल्यावर तो शिलोच्या मंदिरात नेऊन दिला. तिच्याइतकं महाग फेडणारं दुसरं कुणी मला आठवत नाही, इफ्ताह सोडून. इफ्ताहाने युद्धाआधी, घरातून जे पहिल्यांदा माझ्या भेटीला येईल ते अर्पण करीन, असा नवस केला आणि डफ वाजवत त्याची एकुलती मुलगी बाहेर आली. त्याला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. ‘अनुवाद’च्या २३ व्या अध्यायात साफ आहे: नवस केलास तर फेड, पण केलाच नाहीस तर त्यात पाप नाही.

फरक असा की नवसात मागणं आपलं आणि मोबदलाही आपणच ठरवलेला. करारात देव आधी देऊन बसलेला आहे. दहा आज्ञांच्या सुरुवातीला ‘मी तुला मिसरातून बाहेर काढलं’ हे येतं, आज्ञा त्यानंतर. सुटका आज्ञापालनाचं बक्षीस म्हणून मिळालेली नाही. अट आहे ती मिळालेल्या देशात राहण्याला.

प्रश्न : योना संदेष्ट्याने असुरियाच्या निनवे शहरात सांगितलं की ४० दिवसांत शहर उलथेल. उलथलं नाही. मग ती भविष्यवाणी खोटी ठरली ना?
— इयत्ता नववी, रत्नागिरी

उत्तर : छान प्रश्न. योनालाही याचाच राग आला होता! त्याने अट सांगितली नव्हती, पण निनवेच्या राजाला वाटलं की कोण जाणे, देव फिरेलही. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात हा नियम कुंभाराच्या चाकाजवळ सांगितला आहे: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन म्हटलं आणि ते वाईटापासून फिरलं, तर मी बेत बदलतो, भलं करीन म्हटलं आणि ते वाईट वागलं, तरीही बदलतो. पुढे यिर्मयावर खटला चालला तेव्हा हे उपयोगी पडलं. काही वडील उभे राहिले आणि म्हणाले, मीखाने शंभरेक वर्षांपूर्वी यरुशलेमचा ढिगारा होईल म्हटलं होतं, हिज्कीया राजाने देवाची विनवणी केली आणि तसं झालं नाही, तेव्हा मीखाला कुणी मारलं का? यिर्मया वाचला.

आता पावसाकडे येऊ. तिकडे पाऊस लांबला की सगळं गाव उपास धरायचं. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात त्याची पद्धत दिली आहे. तोराची पेटी चौकात आणायची, तिच्यावर राख टाकायची, प्रमुखांच्या डोक्यावर राख घालायची. मग सगळ्यांत वयस्क माणसाने बोलायचं: भावांनो, निनवेच्या लोकांबद्दल ‘देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला’ असं लिहिलेलं नाही, त्यांची कृत्यं पाहिली, ते वाईट मार्गापासून फिरले हे पाहिलं, असं लिहिलं आहे. योनाचं पुस्तक आम्ही योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत वाचतो, भर उपासात.

प्रश्न : मावशी, इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला पावसाळा सुरू होताना सगळे पावसाची प्रार्थना करतात, तेव्हा मला कोकणातले आपले पूर्वज आठवतात. पावसाची अट त्या देशाची. आपले लोक तर अलिबागकडे, जिथे पाऊस न मागता पडतो. मग शेकडो वर्षं त्यांनी शब्बाथ कशासाठी पाळला? मुलं विचारतात, काय सांगू?
— एक वाचक, अश्दोद

उत्तर : अरे, या प्रश्नाने मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ सगळे समुद्रात गेले. शेमाचे, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ हे, शब्द तेवढे उरले. सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही उपास आणि शनिवार उरला. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. ‘अनुवाद’चा २८ वा अध्याय कुणाला पाठ नव्हता. शापही माहीत नव्हते आणि पावसाचं वचनही नव्हतं. जून लागला की शनवार तेल्याच्या दारात जेवढा पाऊस पडायचा तेवढाच शेजारच्या आगऱ्याच्या आणि कोळ्याच्या दारात. शनिवारी घाणा बंद ठेवून वर काही मिळत नव्हतं, एका दिवसाचं तेल मात्र बुडायचं.

मुलांना यिर्मयाचा ३५ वा अध्याय वाचून दाखव. रेखाबी नावाचं एक कुळ होतं. तंबूत राहायचं, शेती करायचं नाही, द्राक्षारस प्यायचं नाही. युद्धामुळे ते यरुशलेममध्ये आले होते. यिर्मयाने त्यांना मंदिराच्या एका खोलीत नेलं, पुढे द्राक्षारसाने भरलेले घडे आणि पेले ठेवले आणि म्हणाला, घ्या. ते म्हणाले, आम्ही पीत नाही, आमचा पूर्वज योनादाब याने नको म्हटलं होतं. योनादाब येहू राजाच्या वेळचा, मधे दोनशेच्या वर वर्षं गेलेली. समोर संदेष्टा, तोही देवाच्या घरात, आणि तरी नाही म्हणाले. मग देव यहूदाला सांगतो, यांनी आपल्या बापाचं ऐकलं, तुम्ही माझं ऐकत नाही. आणि रेखाब्यांना त्यानंतर वचन मिळतं, की माझ्यासमोर उभा राहणारा माणूस या कुळात कधी कमी पडणार नाही. आज्ञा पाळताना त्यांना ते ठाऊक नव्हतं.

घाण्याची गोष्ट मुलांना मराठीतच सांग, हिब्रू त्यांना शाळेत मिळतंच आहे. त्यांनी पुढे काही विचारलं तर तेही लिहून पाठव, पुढच्या अंकात घेते.